वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन कोर्स घरबसल्या करा, एकट्याने करू नका

स्वयम (केंद्र सरकारचा फुकट ऑनलाइन कोर्सचा मंच), एनपीटीईएल (त्यावर आयआयटींचे कोर्स देणारा प्रकल्प) आणि तत्सम खुल्या ऑनलाइन कोर्सबद्दल मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीत स्वयमवर तीन कोर्सना नाव घातलं. फुकट आहे, म्हणलं घेऊन ठेवावं. तिसऱ्या आठवड्यात तिन्ही बंद पडले. माझ्यातच चिकाटी कमी आहे का?
– विद्यार्थिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : चिकाटीचं नंतर बघू, आधी तासांचा हिशेब मांडा. एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३० तासांचे व्हिडिओ असतात, म्हणजे आठवड्याला अडीच तास. पण हे अडीच तास थांबवत, मागे नेत, वहीत उतरवत पाहायचे तर चार तास जातात. स्वाध्यायाला दीड तास धरा. एका कोर्सचे साडेपाच तास झाले, तिघांचे सोळा-सतरा. कॉलेज, प्रॅक्टिकल आणि एसटीची वाट पाहणं यातून आठवड्याला सतरा तास कुणाचेच निघत नाहीत.

हे एकट्या तुमचं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने २०१२ मध्ये सर्किट आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला खुला कोर्स काढला तेव्हा सुमारे १,५५,००० लोकांनी नावं घातली आणि प्रमाणपत्रापर्यंत पोचले ७,१५७. शंभरात पाचही नाहीत. नाव घालायला काहीच पडत नसल्यामुळे बहुतेक जण नुसतं आत येऊन बघून जातात.

तेव्हा दोन कोर्समधून नाव काढा आणि एक ठेवा. कोणता ठेवायचा हे ठरवताना पहिल्या आठवड्याचं व्याख्यान पाहू नका, ते सगळ्यांनाच समजतं. एनपीटीईएलचे जुन्या सत्रांचे व्हिडिओ यूट्यूबवर असतात. त्यातलं पाचव्या आठवड्याचं एखादं व्याख्यान वीस मिनिटं पाहा. त्यातलं निम्मं कळलं तर कोर्स तुमच्या आवाक्यातला आहे. काहीच कळलं नाही तर त्याआधीचा पायाभूत कोर्स शोधा.

कोर्स बंद पडण्याचं दुसरं कारण जास्त फसवं आहे. एखादा आठवडा हुकतो. मग मागचं सगळं भरून काढूनच पुढे जायचं असं विद्यार्थी ठरवतो, आणि त्या नादात चालू आठवड्याची मुदतही हुकते. असं दोनदा झालं की कोर्स संपल्यातच जमा. एनपीटीईएलमध्ये स्वाध्यायाची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११.५९ला संपते, आणि १२ पैकी सर्वांत चांगले ८ स्वाध्यायच मोजतात (८ आठवड्यांच्या कोर्सला ६, तर ४ आठवड्यांच्या कोर्सला ३). म्हणजे चार हुकले तरी गुणांना धक्का नाही. आठवडा बुडाला की आधी चालू आठवड्याचा स्वाध्याय द्यायचा आणि बुडालेला भाग सवडीने पाहायचा. हा क्रम उलटा करू नका.

प्रश्न : कोर्सच्या चर्चामंचावर प्रश्न टाकायला भीती वाटते. माझं इंग्रजी कच्चं. एकदा धीर करून टाकला तर कुणी उत्तरच दिलं नाही. तिथं खरंच कुणी माणूस असतो का?
– अभियांत्रिकी विद्यार्थी, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : असतो. प्राध्यापक स्वतः रोज येत नसले तरी त्यांचे शिक्षक-साहाय्यक, म्हणजे बहुधा एम.टेक. किंवा पीएच.डी. करणारी मुलं, मंचावर लक्ष ठेवून असतात. पण हजारोंच्या कोर्समध्ये त्यांच्यापुढे रोज प्रश्नांचा ढीग पडतो, आणि ज्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येईल असा प्रश्न ते आधी उचलतात. तुमचा प्रश्न मागे पडला तो इंग्रजीमुळे पडला असं मानायचं कारण नाही. मंचावर सर्वांत जास्त दिसणारा प्रश्न म्हणजे ‘प्रोग्रॅम चालत नाही, कृपया मदत करा’. यात एकही इंग्रजी चूक नसली तरी याला उत्तर देता येत नाही, कारण कोणता प्रोग्रॅम, कुठे अडला, काय दिसलं, यातलं काहीच कळत नाही.

प्रश्नात चार गोष्टी आल्या पाहिजेत : जागा, तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कोर्समधलं उदाहरण घ्या. “तिसरा आठवडा, दुसरं व्याख्यान, १४ मिनिटं २० सेकंद. इनपुट वापरून वय घेतलं, त्यात ५ मिळवले. वय २० दिलं, उत्तर २५ यायला हवं होतं. टाइपएरर आला. इनपुटमधून येणारी किंमत संख्या असते की मजकूर?” पाच छोटी वाक्यं. यातलं एकही वाक्य दहावीच्या इंग्रजीपलीकडचं नाही. आणि असं लिहिताना निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. पायथॉन ३ मध्ये इनपुट नेहमी मजकूरच देतो, तो इंट हे फंक्शन लावून संख्येत बदलल्याशिवाय बेरीज होत नाही.

आधी मराठीत लिहून मग भाषांतराच्या ॲपमधून काढलं तरी बिघडत नाही. फक्त तांत्रिक शब्द आणि एररचा मजकूर जसाच्या तसा ठेवा. भाषांतराचं ॲप ‘लूप’चा ‘पळवाट’ करून टाकतं आणि मग वाचणाऱ्याला काहीच उमगत नाही. एररचा फोटो टाकू नका, मजकूर कॉपी करून चिकटवा. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी याच ठिकाणी अडलेल्याला तुमचा प्रश्न सापडणारच नाही. प्रश्न टाकण्याआधी तुम्हीही तोच एरर मंचावर शोधून बघा, दहापैकी पाच-सहा प्रश्न तरी आधीच कुणी विचारलेले निघतात.

वेळेचंही बघा. मुदत बुधवारची, आणि मंगळवारी रात्री प्रश्नांची रीघ लागते. त्या गर्दीत पडलेल्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंत गुरुवार उजाडतो. शुक्रवार-शनिवारी विचारलेल्या प्रश्नाला पुरेसा वेळ मिळतो. आणखी एक पथ्य पाळा. मुदत संपण्याआधी स्वाध्यायाचं थेट उत्तर मागायचं नाही, द्यायचंही नाही. ते नियमात बसत नाही आणि साहाय्यक असे प्रश्न काढून टाकतात. ‘तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ब की क?’ असं न विचारता त्या प्रश्नामागची संकल्पना विचारा.

ओळखी जोडायच्या असतील तर विचारण्यापेक्षा उत्तरं देणं जास्त उपयोगी पडतं. तुम्ही पाचव्या आठवड्यात असाल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचे अडलेले प्रश्न तुम्हाला सहज सोडवता येतात. आठवड्याला दोन उत्तरं दिली तरी महिनाभरात आठ जणांना तुमचं नाव माहीत होतं, आणि पुढे तुमचा प्रश्न पडला की तीच माणसं आधी धावून येतात. आपली अडचण सुटली की ती कशी सुटली, हे एका ओळीत मंचावर लिहून ठेवा. ‘सुटलं, धन्यवाद’ एवढंच लिहून निघून जाणाऱ्यांचा राग सगळ्यांनाच येतो, आणि तो बरोबर आहे.

एनपीटीईएलच्या बऱ्याच कोर्सना पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीवरचे संशोधक दर आठवड्याला थेट ऑनलाइन तास घेतात. वेळापत्रक कोर्सच्या पानावर आणि ईमेलने येतं. कोर्सच्या मानाने या तासांना लोक कमी असतात, म्हणून बोलून विचारायला संधी मिळते. लिहायची भीती असलेल्याने इथून सुरुवात करावी.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात दोन कॉम्प्युटर आणि इंटरनेट आहे. सात-आठ पोरं मिळून एखादा कोर्स करायचा म्हणतात. गट कसा चालवावा? मागे एक गट सुरू केला होता, तो महिन्यात मोडला.
– वाचनालय कार्यकर्ते, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : वाचनालयाने हे हाती घेतलं ही चांगली गोष्ट. गट का मोडतात ते ठरलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पहिली चूक म्हणजे एकत्र बसून व्हिडिओ पाहणं. एकाला वेग जास्त वाटतो, दुसऱ्याला कमी, तिसरा फोनवर. दीड तास जातो आणि हाताने कुणीच काही केलेलं नसतं. व्हिडिओ प्रत्येकाने आपापल्या घरी पाहायचा आणि वाचनालयात फक्त गणितं, प्रोग्रॅम, स्वाध्याय आणायचे. एनपीटीईएलचे व्हिडिओ डाउनलोड करता येतात, तेव्हा वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर सोमवारीच आठवड्याचे सगळे व्हिडिओ उतरवून पेनड्राइव्हने वाटा. कुणाचा डेटा जाणार नाही आणि ‘रेंज नव्हती’ ही सबबही राहणार नाही.

दुसरी चूक, एक हुशार मुलगा आणि सात श्रोते. तो समजावत राहतो, बाकीचे माना डोलावतात. हे टाळायचं तर दर आठवड्याला समजावणारा बदला, आणि ज्याला तो भाग सर्वांत कमी कळला त्याला आधी फळ्यापाशी उभं करा. कुठे अडतंय ते पाच मिनिटांत सगळ्यांसमोर येतं. हुशार मुलाने त्या वेळी गप्प बसायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवा. त्याला ते जड जाईल.

गट पाच ते आठ जणांचा असावा. चौघांचा असला आणि दोघे गैरहजर राहिले तर बैठकच होत नाही, आणि दहाच्या पुढे गेला की निम्मे मागे बसतात. सगळ्यांचा कोर्स एकच, सुरुवात एकाच आठवड्याला. बैठक रविवारी सकाळी दीड तासाची पुरे. पहिली पंधरा मिनिटं प्रत्येकाने आपण कुठे अडलो ते एका वाक्यात फळ्यावर लिहायचं. पुढची पन्नास मिनिटं त्यातले तीनच प्रश्न, दोन-दोनच्या जोड्यांनी. उरलेल्या वेळात ज्याला जे सुटलं नाही ते चर्चामंचासाठी नीट लिहून काढायचं आणि तिथूनच टाकायचं. रविवारी टाकलेल्या प्रश्नाला बुधवारच्या आत उत्तर येण्याची शक्यता चांगली असते. स्वाध्याय मात्र ज्याचा त्याने भरायचा. एकाची उत्तरं सगळ्यांनी भरली की स्वाध्यायाचे गुण फुगतात आणि शेवटच्या परीक्षेत सगळेच आपटतात. परीक्षेचा हिशेब पुढच्या उत्तरात दिला आहे.

व्हॉट्सॲप गट लागेलच. त्यात सुप्रभात आणि वाढदिवस नकोत, त्यासाठी पोरांनी हवा तर दुसरा गट काढावा. प्रश्न टाकताना सुरुवातीला आठवडा आणि व्याख्यानाचा क्रमांक घालायचा आणि उत्तर त्याच संदेशाला रिप्लाय करून द्यायचं, म्हणजे महिन्यानंतरही शोधता येतं.

हल्ली ज्याला खुला ऑनलाइन कोर्स म्हणतात त्याची सुरुवातही अशीच झाली होती. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक कोर्स घेतला. फी भरलेले जेमतेम पंचवीस, आणि इंटरनेटवरून फुकट येऊन बसलेले दोन हजारांहून अधिक. शिकणारे आपापल्या ब्लॉगवर लिहीत आणि त्या लिखाणाचे दुवे रोजच्या पत्रकातून सगळ्यांना जात. शिकणाऱ्यांनी एकमेकांना काय दिलं, यावरच तो कोर्स उभा होता. मोठमोठ्या प्लॅटफॉर्मवर व्हिडिओ आणि पर्यायी प्रश्न आले आणि हा भाग कोपऱ्यात गेला. तुमच्या वाचनालयात तो परत आणता येईल.

तारखांचंही बघून घ्या. जुलैचं सत्र ऑक्टोबरपर्यंत चालतं, त्यात पोळा, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र सगळं येतं, आणि ज्यांच्या घरी सोयाबीन आहे त्यांची काढणीही नेमकी शेवटच्या आठवड्यांत. बारा आठवड्यांचा कोर्स पहिल्याच वेळी घेऊ नका. चार किंवा आठ आठवड्यांचा घ्या, आणि मुदत बुधवारची असली तरी गटाची मुदत सोमवार ठेवा.

प्रश्न : बी.टेक.ला आहे. स्वयमच्या प्रमाणपत्राचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) विद्यापीठ धरतं का? परीक्षेला किती गुण लागतात?
– विद्यार्थी, लातूर

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करायला विद्यापीठ परवानगी देऊ शकतं. पण कोणत्या विषयाच्या बदल्यात कोणता कोर्स, हे तुमचं विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. म्हणून आधी विभागप्रमुखांची लेखी संमती घ्या, मग नाव घाला. कोर्स झाल्यावर अर्ज घेऊन गेलेल्यांना बहुधा हात हलवत परत यावं लागतं. कॉलेजात एनपीटीईएलचं स्थानिक केंद्र असेल तर त्याचे समन्वयक प्राध्यापक कोण, हे ऑफिसात विचारा. त्यांच्याकडे मंजूर कोर्सची यादी असते. एनपीटीईएलचा हिशेब साधारण असा : ४ आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिट, ८ आठवड्यांचा २, १२ आठवड्यांचा ३. क्रेडिट जमा होण्यासाठी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं लागतं. त्या खात्यावरचं नाव आणि स्वयमवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं.

कोर्सला नाव घालणं आणि परीक्षेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्स फुकट. परीक्षा ऐच्छिक, फी गेल्या काही सत्रांत दर कोर्सला १,००० रुपये, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना निम्मी. परीक्षा नोंदणीची मुदत कोर्स मध्यावर यायच्या सुमारासच संपते आणि ती हुकली की त्या सत्रात दुसरा मार्ग नाही. परीक्षा घरून देता येत नाही, ठरलेल्या केंद्रावर जावं लागतं. फॉर्म भरताना शहरांची यादी दिसते, त्यातलं जवळचं निवडा आणि मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा.

एनपीटीईएलच्या गुणांचा हिशेब : स्वाध्यायांच्या सरासरीचे २५, परीक्षेचे ७५. पास व्हायला स्वाध्यायात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. समजा गटात मिळून स्वाध्याय केले आणि सरासरी ९५ आली. त्याचे २३.७५ झाले. परीक्षेत १०० पैकी ३८ पडले, त्याचे २८.५. बेरीज ५२.२५, तरी नापास. उलट ज्याची स्वाध्यायाची सरासरी ७० आणि परीक्षा ५२, त्याचे १७.५ अधिक ३९, म्हणजे ५६.५. तो पास. एकूण ६० पासून पुढे प्रमाणपत्रावर एलिट हा दर्जा मिळतो, ७५ला त्यावर रजत, ९०ला सुवर्ण.

स्वयमवरच्या यूजीसी, सीईसी (शैक्षणिक व्हिडिओ बनवणारी यूजीसीची संस्था) वगैरेंच्या कोर्सना स्वाध्याय-परीक्षेची विभागणी साधारण ३०-७० अशी असते आणि परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते, त्यामुळे हा हिशेब तिथे लावू नका.

प्रश्न : घरात फोन एकच, रोजचा डेटा दीड जीबी, संध्याकाळी लाइट जाते. इंग्रजीही येत नाही. मराठीत कॉम्प्युटर शिकता येईल का?
– गृहिणी, गेवराई (जि. बीड)

उत्तर : येईल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस (पत्रं आणि हिशेब लिहिण्याचं सॉफ्टवेअर), लिनक्स (कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली), पायथॉन, जिम्प (चित्रं सुधारण्याचं सॉफ्टवेअर) यांसारख्या विषयांचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजात आहेत, फुकट. पद्धत अशी की दोन वाक्यं ऐकायची, थांबवायचं आणि तेच आपल्या कॉम्प्युटरवर करायचं. त्यामुळे फोनवर नुसतं पाहून फारसं हाती लागत नाही. आठवड्यातून दोनदा तरी गावातल्या वाचनालयात, कॉलेजात किंवा ओळखीच्या घरी कॉम्प्युटर मिळतो का बघा. प्रकल्पाच्या प्रश्नमंचावर प्रश्न विचारताना धडा आणि त्यातलं मिनिट-सेकंद निवडावं लागतं, त्यामुळे उत्तर देणाऱ्याला नेमकी जागा सापडते. एनपीटीईएलच्या अनेक कोर्सच्या व्याख्यानांचा मराठी अनुवादही वाचायला मिळतो, तो डेटा जवळजवळ खातच नाही.

व्हिडिओच्या चित्राचा दर्जा ३६०पीवर ठेवलात तर तासाला अंदाजे ३०० एमबी जातात, ७२०पीवर एक जीबी किंवा त्याहून जास्त. फळा आणि स्लाइडच्या व्याख्यानाला ३६०पी पुरतं. अक्षरं बारीक दिसली तर त्या व्याख्यानाची पीडीएफ उतरवून घ्या. पहाटे रेंज चांगली असते आणि लाइटही बहुधा असते, तेव्हाच दोन दिवसांचं डाउनलोड करून ठेवलं की संध्याकाळचा अडथळा राहत नाही.

प्रश्न : एका परदेशी प्लॅटफॉर्मवर स्वाध्याय तपासणारे सहाध्यायीच असतात. मेहनत करून दिलेल्या लेखाला तिघांपैकी दोघांनी शून्य दिलं. हे काय?
– प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सहाध्यायी तपासनीस गुणांची चौकट, म्हणजे कशाला किती गुण ते सांगणारा तक्ता, समोर ठेवून गुण देतात. लेख कितीही चांगला असो, चौकटीत विचारलेला मुद्दा सापडला नाही तर त्या रकान्यात शून्य पडतं. म्हणून लेखाला उपशीर्षकं द्या, चौकटीतल्या प्रश्नांच्याच क्रमाने. तपासणारा तुमच्यासारखाच घाईत असतो, शोधत बसत नाही.

पण दोघांनी सरसकट शून्य दिलं असेल तर आमचा संशय दुसरीकडे आहे. तुम्ही फाइल जोडली होती की गुगल डॉक्सची लिंक दिली होती? लिंकवर ‘ज्यांच्याकडे लिंक आहे ते सर्व’ अशी परवानगी दिली नसेल तर तपासणाऱ्याला रिकामं पान आणि परवानगी मागणारं बटण दिसतं. तो शून्य देऊन पुढे जातो. ज्या तिसऱ्याने गुण दिले त्याने कदाचित न वाचताच दिले असावेत. पुन्हा सादर करण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. परवानगी बदला, लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगइन न करता उघडून पाहा, आणि मगच सादर करा. शिवाय दुसऱ्यांचे चार-पाच स्वाध्याय तपासून द्या. बऱ्याच कोर्समध्ये तुमच्या वाट्याची तपासणी झाल्याशिवाय तुमचे गुण दिसत नाहीत.